दमाची जागा

१

दुपारची भांडी घासून पालथी पडली, की ग्यानोबा क्लॅरनेटची पेटी उघडत. त्या घराचा तो नेमच होता. त्या वेळी रेणापुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. वर पत्रा तापून तडतडे, खिडकीत कूलर घरघरे, आणि पेटी उघडली की जुन्या मखमलीचा वास खोलीभर होई. म्हातारा एकेक तुकडा धोतराच्या सोग्यानं पुसे आणि जोडी. काळं लाकूड, त्यावर पांढऱ्या धातूच्या कळा. मग नात आपली क्लॅरनेट घेऊन समोर येऊन बसे.

समीक्षाला लहानपणी छातीचा त्रास होता. आई लवकर गेली. आभाळ भरून आलं की पोरीचा श्वास अडके, ओठ निळे पडत, आणि तिचा बाप धम्मदीप तिला पोटाशी धरून लातूरच्या दवाखान्याकडं पळे. डॉक्टरांनी तोंडात धरून ओढायचा पंप दिला. आजोबांनी क्लॅरनेट दिली.

"फुंकून फुंकून छाती रुंद होती, माय," ते म्हणत. "माझ्याकडं बघ. हयात बँडमधी गेली, कधी खोकलो का?"

पोर फुंकत फुंकत मोठी झाली. आता ती नांदेडला संगीत शिकत होती. पंप पर्सच्या तळाशी पडून असे, लागत नसे. तरी ती समोर बसली की म्हाताऱ्याची नजर आधी तिच्या खांद्यांकडं जाई. खांदे वर, खांदे खाली. श्वास चालू आहे. मग कुठं त्यांच्या जिवाला बरं वाटे आणि ते क्लॅरनेटच्या तोंडाची वेताची पत्ती ओठाला लावत.

२

त्या उन्हाळ्यात ती लॅपटॉप घेऊन आली.

"आबा, ह्याच्यात बाजा लिहिता येतो."

"बाजा वाजवायचा असतोय का लिहायचा?"

"लिहिला तर टिकतो."

"आन वाजवला तर मरतो व्हय?"

समीक्षा हसली. कॉलेजनं काम दिलं होतं. आपल्या घरातली, आजवर कुणी न लिहिलेली एक चाल घ्यायची, ती पाच रेघांवर उतरवायची आणि तिच्यावर आपली रचना करायची. तीही त्यात नवीच होती. कुठं दाबलं की काय होतं ते दोघं मिळून शिकत होते. आधी वाद्य निवडायचं. मग एका घरात किती मात्रा ते सांगायचं. तेवढं सांगितलं की पडद्यावर पाच रेघांची पट्टी पसरे आणि उभ्या दांड्यांनी तिची घरं पडत. प्रत्येक घरात एकेक काळी बारकी चीप.

"ह्या काय उवा पडल्यात?" ग्यानोबांनी चष्मा वर केला.

"ती गप्प राहायची खूण हाय, आबा. घर मोकळं ठेवता येत नाही. आपण सूर लिहिला नाही तर ते आपल्या मनानंच तिथं गप्प बसवतं."

"म्हंजे कोणतरी बसतंयच."

"हाव."

तिनं कळ दाबली. लॅपटॉपमधून सूर निघाला. ग्यानोबांनी कानावर हात ठेवला. "ही क्लॅरनेट हाय? यष्टीचा हारन हाय ह्यो."

चाल त्यांनी निवडली ती मिरवणुकीची. भीमजयंतीला चौकातून निघाल्यावर वाजवायची, चालता चालता जुळवलेली. म्हातारा एक ओळ वाजवी, थांबे. समीक्षा ती गुणगुणून घेई आणि माउसनं एकेक सूर रेघेवर ठेवी. कूलर बंद केला होता. घाम टपटपत होता.

"आबा, मधीच थांबू नका ना."

"कुठं थांबलो?"

"आत्ता. सूर लांबला, मग तुम्ही गप्प. मग पुढचं घेतलं. त्या मधल्या घरात काय लिहू?"

"लिही की. सूर चालूच हाय."

"चालू नाही, आबा."

"अगं, चालू हाय!"

शेवटी तिनं मोबाइलवर त्यांचं वाजवणं धरलं आणि त्यांना ऐकवलं. ग्यानोबा ऐकत राहिले. चाल येत होती, आणि मधेच तुटत होती. भोकं पडलेल्या फडक्यासारखी.  इतकी वर्षं ते ही चाल एकटेच वाजवत आले होते, आणि त्यांना ती सलग ऐकू येत होती.

"लिंबाजी," ते हळूच म्हणाले.

लिंबाजी त्यांचा बँडमधला जोडीदार. दोन क्लॅरनेटी. ग्यानोबा उजवीकडं, लिंबाजी डावीकडं. मिरवणूक चालली की सूर तुटू द्यायचा नसतो. एकाचा दम संपत आला की तो शेजाऱ्याला कोपर लावी. शेजारी सूर झेले, तेवढ्यात पहिला दम घेई. मग त्यानं कोपर लावलं की परत घ्यायचा. कोपर लागल्याशिवाय घ्यायचा नाही आणि दुसऱ्यानं झेलल्याशिवाय सोडायचा नाही. ती चाल अर्धी एकाच्या तोंडात होती, अर्धी दुसऱ्याच्या. ग्यानोबांना आपली अर्धीच येत होती, आणि ते त्यांना ठाऊकच नव्हतं. लिंबाजी जाऊन वर्षं लोटली होती. पिकल्या पानासारखा गेला. कुणाशी वैर नाही, कुणाचं देणं नाही.

"म्हणूनच," समीक्षा म्हणाली. "मी बघत होते. त्या प्रत्येक भोकाला तुमचं डावं कोपर बाहेर जातं. मला वाटलं माश्या हाकलता."

ग्यानोबांनी आपल्या डावीकडं पाहिलं. तिथं पाण्याचा माठ होता, आणि माठाच्या अलीकडं माणूस उभं राहील एवढी मोकळी जागा.

समीक्षानं त्या घरांत गप्प राहायच्या खुणा राहू दिल्या, आणि लॅपटॉप मिटला.

३

दुसऱ्या दिवशी घरं भरलेली होती.

"आबा, तुम्ही हात लावला?"

"म्या? मला त्याचं झाकण उघडाय येत न्हाई."

पट्टीच्या खाली आणखी एक पट्टी आली होती. वरच्या पट्टीत जिथं जिथं ग्यानोबांचं भोक, तिथं तिथं खालच्या पट्टीत सूर. समीक्षानं कपाळाला आठ्या घातल्या, मग मान डोलावली. असं असतं म्हणे. हल्ली ही यंत्रं आपल्या मनानं पुढचं सुचवतात. मोबाइलवर शब्द लिहायला गेलं तर पुढचा शब्द सुचतो, तसं. कुठलीतरी कळ चुकून दाबली गेली असेल.

"ऐकू तरी," ती म्हणाली.

चाल सुरू झाली. तोच एस.टी.च्या भोंग्यासारखा आवाज. पहिलं भोक आलं आणि खालच्या पट्टीनं सूर झेलला.

ग्यानोबा उठून उभे राहिले. लिंबाजी सूर सरळ घेत नसे. जरा खालून उचली, खालच्या पायरीवरून लेकरू उचलावं तसा. हा सूर तसाच उचलला होता. यंत्राला ते कसं कळावं? पट्टीवर ते लिहिलेलं नव्हतं. समीक्षानं पुन्हा पुन्हा पाहिलं, सूर साधाच लिहिला होता.

"लई दिवसांनी भेटला गड्या," म्हातारा पडद्याला म्हणाला आणि त्यांचे डोळे भरून आले. समीक्षानं त्यांचा हात धरला. त्या दिवशी त्या घरात कुणाला भीती वाटली नाही.

४

भीती नंतर वाटली, आणि तीही एका बारक्या गोष्टीवरून.

दुपारमागून दुपार चाल पुढं जात होती. समीक्षा जेवढं लिही त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी सापडे. खालची पट्टी गच्च भरत चालली होती. वरच्या पट्टीत मात्र ग्यानोबांचे सूर एकेक करून जात होते आणि त्यांच्या जागी त्या काळ्या चिपा बसत होत्या. समीक्षा म्हणे, मी चुकून पुसले असतील. ती ते परत लिही. दुसऱ्या दिवशी परत चिपा.

ग्यानोबांना वाचता येत नव्हतं, पण घरं आणि चिपा आता कळत होत्या. त्यांनी बोट लावून खालची पट्टी पाहिली. एक घर, दुसरं घर, पडद्याच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत.

"समे, ह्याला दम घ्यायची जागा कुठं हाय?"

"कुणाला?"

"ह्या खालच्याला. वरच्याला हाय. वरचा थांबतो, खालचा झेलतो. आन खालच्याचा दम संपल्यावर? तो कोणाला देतो?"

समीक्षानं पट्टी पुढं पुढं सरकवली. एकाही घरात चीप नव्हती.

"कॉम्प्युटरला दम लागत नाही, आबा," ती म्हणाली.

वर पत्रा तडकला. ग्यानोबांनी चष्मा काढून ठेवला. लिंबाजी कसा होता? दोन ओळी वाजवल्या की घामेजून जाई आणि कोपर लावी. घेई तसा देई. झेललेला सूर त्यानं कधी स्वतःपाशी ठेवून घेतला नव्हता.

"पुस हे," ते म्हणाले.

"परीक्षेला काय देऊ मग?"

"दुसरी चाल देतो तुला. पाळण्याची देतो. हे पुस."

तिनं तोंड वाकडं केलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून पुसलं. सगळ्या घरांत चिपा बसल्या. सकाळी बापाचा डबा भरून तिनं लॅपटॉप उघडला, आणि पडदा आबांकडं वळवला. खालची पट्टी भरलेली होती. वरची पट्टी आता नव्हतीच.

५

तिनं ते वाजवायला घेतलं, ह्याचा दोष तिला कसा द्यावा? चाल देखणी होती. शिकणाऱ्याच्या समोर देखणी चाल ठेवली तर तो वाजवणारच.

धम्मदीप एस.टी. डेपोतल्या ड्यूटीवरून आला तेव्हा ती वाजवत होती. तो दारातच उभा राहिला, डोक्यावरचा रुमाल काढायचा विसरला.

"बापरे! एवढा लांब सूर? आबा, तुमच्यानं तरी झाला असता का?"

"न्हाई," ग्यानोबा म्हणाले.

"मग कौतुक करा की. तोंड काय पाडलंय? पोरगी पुढं गेली म्हणून पोटात दुखतंय जणू!"

ग्यानोबा हसले नाहीत. ते खांदे बघत होते. समीक्षाची बोटं कळांवर चालत होती, सूर तारेसारखा ताठ होता, आणि खांदे हलत नव्हते. वर नाही, खाली नाही. खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखे. चाल संपली. तिनं क्लॅरनेट खाली घेतली. धापा टाकल्या नाहीत. ओठ पुसले आणि म्हणाली, "चहा टाकू का?"

मग ते चहाच्या वेळेलाही दिसू लागलं. ती पातेल्यासमोर उभी असे, दूध वर येत असे, आणि तिचे खांदे स्थिर. ग्यानोबा मनातल्या मनात वाट बघत. आता घेईल. आता घेईल. दूध उतू जाई. "समे!" असं ओरडलं की ती दचके, आणि भस्सकन दम घेई.

"काय झालं?"

"दम घे ना, माय."

"घेतेय की."

तिला ठाऊकच नव्हतं. जशी त्यांना आपली भोकं ठाऊक नव्हती.

धम्मदीपनं तिला लातूरला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो काढला आणि पाठ थोपटली. छाती एकदम साफ, म्हणाले, एवढी चांगली कधी नव्हती. धम्मदीप येताना पेढे घेऊन आला. ग्यानोबांनी पेढा हातात धरून ठेवला. आपणच म्हातारचळलो असू, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. डोळे अधू झालेत, पातळ ओढणीखाली खांदा हललेला दिसत नसेल. पेढा हातात मऊ झाला. पलीकडं समीक्षा टीव्ही बघत होती. जाहिराती लागल्या, संपल्या. त्यांनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली काहीच हललं नाही. मग तिनं दचकून दम घेतला आणि त्यांच्याकडं रागानं बघितलं. त्या नजरेत त्यांना त्यांची नात दिसली नाही, असं एक क्षण वाटलं. एकच क्षण.

६

औशाला लिंबाजीची बायको होती, सरजाबाई. ग्यानोबा सकाळच्या गाडीनं निघाले. मोबाइलमध्ये समीक्षानं चाल घालून दिली होती. त्यांनी तिला खोटंच सांगितलं की वहिनीला ऐकवायची हौस आहे.

"जय भीम, वहिनी."

"या भावजी. वाट चुकला की काय?" म्हातारी बाजेवर बसून लसूण सोलत होती. "का मेलेय का बघाय आलात?"

"तुमी कशाच्या मरताय? यमाला पण सोलून ठेवताल."

ती बोळक्या तोंडानं हसली. ग्यानोबांनी मोबाइल तिच्या कानाशी धरला. ती ऐकत राहिली, लसणाची पाकळी बोटांत धरून. सुरुवातीला तिचा चेहरा उजळला. पुरुष घरी आल्यावर बाईचा उजळतो तसा. मग तो विझला. तिनं हातानं मोबाइल बाजूला सारला.

"बंद करा."

"त्याचंच हाय न्हवं? ते खालून उचलनं..."

"त्यांच्यावानी हाय. त्यांचं न्हाई." तिनं पाकळी टोपलीत टाकली. "ते देऊन टाकायचे, भावजी. घरी पण तसेच. भाकर खाताना अर्धी माझ्या ताटात. हे देत न्हाई. ऐका की, किती वेळ झाला, घेऊनच बसलंय."

"मग कोण हाय?"

"मला काय म्हाईत? तुमी कोपर कोणाला लावलं?"

 लिंबाजीशिवाय वाजवलेल्या त्या सगळ्या दुपारी ग्यानोबांच्या डोळ्यांपुढून गेल्या. प्रत्येक भोकाला बाहेर गेलेलं डावं कोपर. लागलं का कशाला? त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"पोरगी वाजवती ते," ते म्हणाले.

सरजाबाई बाजेवरून उठली. तिनं त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. "चहा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पहिल्या गाडीनं जा."

७

रेणापूरच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. लाइट गेलेली असावी. गिरणी बंद, कूलर बंद, सगळी गल्ली मुकी. आणि त्या मुक्या गल्लीत लांबून एक सूर येत होता.

ग्यानोबा चालू लागले. म्हाताऱ्याची चाल ती केवढी. ते गिरणीपाशी आले, सूर चालू होता. हापशापाशी आले, सूर चालू होता. कोपरं अवघडावीत, बोटं थकावीत, ओठ सुटावेत, माणसाला शंभर कारणं असतात थांबायची. ह्याला एक नव्हतं. ते पळायला लागले. एक चप्पल मागं राहिली.

दार उघडं होतं. धम्मदीप ड्यूटीवर होता. समीक्षा प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली होती, समोर स्टुलावर लॅपटॉप. पडद्यावरची उभी रेघ घरांवरून सरकत होती, आणि ती शेवटच्या घराला पोचायच्या आत पुढं नवं घर येत होतं. भरलेलं. पोरीचे डोळे उघडे होते. ओठ निळे पडले होते. तोच निळा, लहानपणीचा.

"समे! सोड! सोड ते!"

त्यांनी क्लॅरनेट धरून ओढली. दात पत्तीवर घट्ट बसले होते, ओठातून रक्ताचा थेंब आला, पण ती सुटली नाही. ते लॅपटॉपकडं वळले. चालू करताना समीक्षा कुठलं बटण दाबते ते त्यांनी बघून ठेवलं होतं. ते दाबलं आणि दाबून धरलं. पडदा काळा झाला.

सूर थांबला नाही.

मग म्हाताऱ्याला एकच गोष्ट येत होती, ती त्यानं केली. पेटी उघडली. घाईत तुकडे एकमेकांत जाईनात. खालचा जोडला, वरचा जोडला, तोंडाचा जोडला. पत्ती कोरडी ठणठणीत. ती जिभेवर धरून ओली करायची, आणि तोवर पोरीच्या मानेची शीर बघत राहायची. शेवटी ते तिच्या डावीकडं जाऊन उभे राहिले. जिथं लिंबाजी उभा राही तिथं.

"कोपर लाव मला!" ते ओरडले. "दम संपला की कोपर लावायचं, माय! लाव!"

आणि त्यांनी तिच्या सुराशी आपला सूर जुळवला.

आता बोलता येत नव्हतं. ते वाजवत होते आणि आपलं उजवं कोपर तिच्या डाव्या दंडावर मारत होते. असं. असं लाव. पुन्हा. असं लाव. लेकराला घास भरवताना आपणच तोंड उघडून दाखवावं तसं. त्यांचा स्वतःचा दम निम्म्यावर आला. तिचं कोपर थरथरलं. अंगापासून बोटभर सुटलं. मग एकदम, जोरात, त्यांच्या बरगडीत बसलं.

सूर त्यांच्याकडं आला.

समीक्षानं क्लॅरनेट सोडली. विहिरीतून वर काढलेल्या माणसासारखा दम घेतला, आणि खुर्चीवरून खाली घसरून खोकायला लागली. खोकत होती, रडत होती, श्वास घेत होती.

ग्यानोबा सूर धरून उभे होते. तो जड होता. आयुष्यात एवढा जड सूर त्यांनी धरला नव्हता. छाती रिकामी होत आली, डोळ्यांपुढं ठिपके नाचू लागले, आणि तेव्हा त्यांना कळलं की त्यांचं डावं कोपर आपोआप बाहेर निघालंय. हयातभराची सवय. दम संपला की कोपर डावीकडं.

त्यांची नजर समोरच्या काळ्या पडद्यावर गेली. त्यात दारातलं ऊन दिसत होतं, ते स्वतः दिसत होते, खाली बसलेली समीक्षा दिसत होती. आणि त्यांच्या डाव्या अंगाला, माठाच्या अलीकडं, एक बाही दिसत होती. बँडची लाल बाही, मनगटाला पितळी गुंडी. कोपर वाकवून तयार, त्यांच्या कोपरापासून चार बोटांवर. लिंबाजीच्या बाहीला कोपरावर ठिगळ होतं. सरजाबाईनं हिरव्या दोऱ्यानं लावलेलं. ही बाही कोरी होती. ती अजून कुणी घातलेलीच नव्हती, असं वाटावं इतकी कोरी. बाहीच्या वर जे होतं तिकडं त्यांनी बघितलं नाही.

कोपर आणखी सरकलं. तीन बोटं. दोन.

बँडवाल्यानं आयुष्यात जे करायचं नसतं ते ग्यानोबांनी केलं. कुणालाही न देता त्यांनी सूर तोडला.

८

समीक्षा वाचली. चार दिवस तिनं खाट सोडली नाही, मग उठली. लॅपटॉप धम्मदीपनं विकून टाकला. पाळण्याची चाल तिनं नांदेडला मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लिहिली आणि दिली. तिच्यात काही वाढलं नाही, काही गेलं नाही. दोन्ही क्लॅरनेटी पेटीत, पेटी माळ्यावर. दुपारी आता घरात कुणी फुंकत नाही.

ग्यानोबा डावं कोपर अंगाशी दाबून बसतात. जेवताना, बोलताना, झोपतानाही. टॉवेलानं बांधून घेतात. गल्लीतली माणसं विचारतात, वारं गेलं का काय हातावरून? ते मान डोलावतात.

परवाची गोष्ट. समीक्षा सुट्टीला आली होती. दुपारी तिघं बसून शेंगा फोडत होते. धम्मदीप डेपोतल्या कुणाची तरी नक्कल करत होता, आणि ती अशी हसत होती की तिला ठसका लागला. ठसका लागला म्हणजे श्वास चालू आहे. ग्यानोबा तिच्या खांद्यांकडं बघत होते. खांदे वर, खांदे खाली. फार दिवसांनी त्यांच्या जिवाला बरं वाटलं. त्यांनी तिच्यापुढं फोडलेले दाणे सरकवले.

"खा, माय."

"आबा, बास. पोट फुटंल."

ती हसून हसून थकली होती. तिनं एक लांब सुस्कारा सोडला, अगदी तळापर्यंत, आणि छाती रिकामी झाली. तेव्हा तिच्याही नकळत तिचं डावं कोपर अंगापासून बाजूला गेलं. जसं त्यांनीच शिकवलं होतं, तसं.

तिच्या डावीकडं कुणी नव्हतं. भिंत हातभर लांब होती.

कोपर मधेच, हवेत, कशाला तरी टेकल्यासारखं थांबलं.